केदारकंठाच्या पायथ्यावरून मागे फिरलो तेव्हा

हे लिहायला दोन महिने लागले. भाच्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचं पुढे काय होतंय ते कळेपर्यंत लिहायला मन घेईना. आता डॉक्टरांनी फाइल बंद केली आहे आणि विमा कंपनीचं शेवटचं पत्रही येऊन पडलं आहे. पुढच्या हिवाळ्यात केदारकंठाला जायचं म्हणून ओळखीतल्या तिघांनी माझ्याकडे चौकशी केली. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते.

जायचं ठरलं ते २०२४ च्या गणपतीत. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी चव्वेचाळीस वर्षांची, ऑफिसात बैठं काम, पण सिंहगड, राजगड, हरिश्चंद्रगड वर्षातून एकदा तरी होतातच. बर्फ दोघांनीही कधी पाहिला नव्हता. केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे, शिखर १२,५०० फुटांवर, आणि पहिल्यांदा बर्फात जाणाऱ्यांना झेपेल असा हिवाळी ट्रेक म्हणून त्याचं नाव आहे. जिथे वाचावं तिथे ‘सोपा’ हा शब्द होता. चोपड्याला माझ्या ताईला मीही तोच शब्द सांगितला. ती म्हणाली, “तू बरोबर आहेस म्हणून पाठवते.”

पैशांचं आधी सांगते. ट्रेक नेणाऱ्या संस्थेची फी माणशी ९,५०० रुपये, त्यात सांकरीपासून (ट्रेक सुरू होतो ते गाव) सांकरीपर्यंतचं जेवण, तंबू, स्लीपिंग बॅग, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे दातेरी मायक्रोस्पाइक आणि बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीला बांधायचे गेटर. देहरादून ते सांकरी जीपचे जाऊन-येऊन २,००० वेगळे. रेल्वे, देहरादूनची राहणी, कपडे आणि बूट धरून माणशी साधारण २२,००० झाले. मेडिकल सर्टिफिकेट मात्र दोनदा काढावं लागलं. आमचे नेहमीचे डॉक्टर होमिओपॅथीचे, त्यांची सही चालली नाही. एमबीबीएस डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि सर्टिफिकेट पंधरा दिवसांच्या आतलं, अशी अट होती. ती फॉर्मच्या दुसऱ्या पानावर होती आणि मी पहिलंच पान वाचलं होतं. दुसऱ्यांदा माणशी ३०० रुपये गेले. शिवाय ‘स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत’ असं सहीचं पत्र आणि वन खात्यासाठी ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स. झेरॉक्स जास्तीच्या ठेवा, पुढे दवाखान्यातही लागल्या.

तीन महिने दर रविवारी आठ किलोची सॅक घेऊन सिंहगड चढलो. त्याचा उपयोग झाला, दम कुठेच लागला नाही. तयारीत जी एक गोष्ट सुटली ती हातमोज्यांची. यादीत स्पष्ट लिहिलं होतं : आतला पातळ जोड, मधला लोकरी, वरचा पाणी आत न येऊ देणारा. माझे तिन्ही होते. भाच्याच्या मापाचा वरचा जोड दुकानात मिळाला नाही. “तिथे भाड्याने घेऊ, मावशी,” तो म्हणाला आणि मी बरं म्हटलं. सांकरीला पोहोचलो तर नाताळच्या गर्दीत भाड्याचे हातमोजे संपलेले.

२३ डिसेंबरला, सोमवारी, पहाटेच्या गोवा एक्सप्रेसने निघालो. आग्र्याच्या पुढे धुक्यात गाडी रांगत होती, निजामुद्दीनला साडेतीन तास उशीर झाला. दुपारी ३.२० ची नवी दिल्ली–देहरादून जनशताब्दी मिळाली ती मध्ये मोकळा वेळ ठेवला होता म्हणून. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत जाताना दोन गाड्यांमध्ये निदान सहा-सात तास ठेवाच.

२५ तारखेला सकाळी साडेसहाला जीप निघाली. मसुरीत नाताळची कोंडी, मग यमुनेचा पूल, नैनबाग, डामटा, नौगाव. पुरोल्याला जेवलो आणि एटीएममधून पैसे काढले. पुढच्या रस्त्यावर एटीएमची आणि मोबाइलच्या रेंजची फार आशा धरू नये. मोरी ओलांडल्यावर देवदार सुरू होतात. नैटवारला रुपिन आणि सुपिन एकत्र येतात आणि तिथून टोन्स नदी होते. तिथेच गोविंद पशू विहार या अभयारण्याचा नाका आहे. वन खात्याच्या रजिस्टरमध्ये नाव, वय, गाव, घरच्या माणसाचा फोन नंबर लिहावा लागतो. मी घाईत भाच्याच्या नावापुढे माझाच नंबर लिहिला. आम्ही दोघंही एकाच डोंगरावर जाणार होतो, तेव्हा त्या रकान्यात ताईचा नंबर हवा होता. हे मला दोन रात्रींनंतर तंबूत आठवलं.

सांकरीला पोहोचायला अकरा तास लागले. संध्याकाळी सोळा जणांच्या आमच्या गटाला ट्रेक लीडरने एकत्र बसवलं. त्याने कागदावर हवामान खात्याचा अंदाज लिहून आणला होता : २७ ला दुपारनंतर आणि २८ ला पाऊस, उंचावर बर्फ. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी चक्रावात हिवाळ्यात हिमालयावर येऊन आदळतात आणि बर्फ आणतात, हे त्याने समजावून सांगितलं. रोजच्या रोज हवा बघून ठरवू, म्हणाला. एकाने विचारलं, “अर्ध्यातून परत यावं लागलं तर पैसे?” हवामानामुळे परतावं लागलं तर पैसे मिळत नाहीत, असं उत्तर आलं. मग कोणीच काही विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं की मागे फिरायचं नेमकं कोणत्या परिस्थितीत ठरवणार आणि ते कोण ठरवणार. ते शांत खोलीत, कोरड्या कपड्यांत बसून विचारता येतं. वादळात तो प्रश्न सुचत नाही. सुचला तरी ऐकू जात नाही.

२६ ला जुडा तालापर्यंत चढलो. पाइन, मोरू ओकची झाडं, मग पायाखाली करकरणारा बर्फ आणि शेवटी गोठलेलं तळं. शंकराच्या जटेतून पडलेल्या थेंबांचं हे तळं, असं तिथले लोक सांगतात. दिवस इतका स्वच्छ होता की पुढचा अंदाज खरा वाटेना.

२७ ला सकाळी सूर्याभोवती फिकट कडं होतं. आमचा स्थानिक गाइड, सांकरीजवळच्याच गावचा तिशीतला मुलगा, बराच वेळ वर बघत होता. “दोपहर तक ही है मौसम, दीदी,” एवढंच म्हणाला. इथेच थांबावं असं त्याचं मत होतं. लीडरचं म्हणणं, वरच्या तळावर आपलं स्वयंपाकघर आणि मोठा तंबू आहे, दुपारच्या आत पोहोचू. त्याने गटाला विचारलं. पुढे जाऊ म्हणून हात वर करणाऱ्यांत मी होते. इतक्या लांबून आलो, पैसे भरले, भाच्याच्या डोळ्यांत ते शिखर दिसत होतं, हे सगळं माझ्या त्या हातात होतं. गाइडचं बोलणं मी ऐकलं होतं आणि तरीही हात वर केला.

साडेबाराला तळावर पोहोचलो. उंची साधारण ११,००० फूट. पावणेदोनला पहिला बर्फ पडला. भाच्याने काळ्या जॅकेटची बाही पुढे धरली, तिच्यावर सहा पाकळ्यांचं एकेक फूल येऊन बसत होतं, आणि आम्ही दोघं डोकी जवळ आणून ते बघत राहिलो. चार वाजता वारा सुटला. बर्फ वरून पडायच्या ऐवजी आडवा येऊ लागला आणि शेजारचा तंबू दिसेनासा झाला. सहाला जेवण उरकलं. लीडरने प्रत्येक तंबूत येऊन सांगितलं : तासातासाने आतून कापडाला थापा मारून बर्फ पाडा, वरची हवेची खिडकी बंद करू नका, बूट आत घ्या, पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगेत ठेवा. त्याच्याकडचं थर्मामीटर तेव्हा उणे ९ दाखवत होतं.

मी दोन बायकांबरोबर एका तंबूत. भाचा साताऱ्याच्या दोघा भावांबरोबर तीन तंबू सोडून पलीकडे. अंतर असेल वीस पावलांचं. रात्री नऊनंतर ती वीस पावलंही जाता येण्यासारखी नव्हती.

तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचं दव गोठलं होतं. थाप मारली की बाहेरचा बर्फ धप्पकन घसरायचा आणि आतला भुगा तोंडावर पडायचा. सुरुवातीला तासाने थापा मारत होतो, मग अर्ध्या तासाने, मग दहा मिनिटांनी. कापड हळूहळू खाली येत होतं, तळहात लावला की पलीकडचं ओझं कळायचं. अकराच्या सुमाराला एकदा सगळं पांढरं झालं आणि लगेच गडगडाट. बर्फात वीज होते हे मला माहीत नव्हतं. तिघी एकमेकींचे हात धरून बसलो. मी मनात भाच्याच्या तंबूच्या बाजूने काही ऐकू येतंय का ते बघत होते, पण वाऱ्यापुढे दुसरा आवाजच नव्हता.

दीडला आमच्या तंबूची चेन बाहेरून उघडली. गाइड. भुवया पांढऱ्या झालेल्या. “दीदी, उठो. लड़के के पास चलो.”

काय झालं होतं ते मला नंतर कळलं. साडेबाराला त्यांच्या तंबूची एक काठी मोडली. तिघं बाहेर पडले आणि बर्फ उपसू लागले. भाऊ दोघं ताटाने, भाचा हाताने. लोकरी हातमोजे बर्फाने भिजले. आत त्याने सुती बनियन घातलं होतं, तेही घामाने ओलं झालं. चाळीस मिनिटं तो ओल्या कपड्यांत त्या वाऱ्यात उभा होता. गाइड फेरी मारत आला तेव्हा भाचा बर्फात बसला होता आणि “दोन मिनिटं बसतो” म्हणत होता.

मोठ्या तंबूत त्याला बसवलं होतं. हातमोजे मुठीच्या आकारात गोठले होते, बोटं सरळ करून एकेक काढावे लागले. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट टोकापासून मधल्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी. मी हात लावला तर ते बोट माणसाचं वाटेना. “मावशी, मी बरा आहे, झोपू दे ना,” तो म्हणाला, पण शब्द एकमेकांत अडकत होते, दारू प्यायल्यासारखे. मला सगळ्यात बरं याचं वाटलं होतं की त्याची थरथर कमी होत होती. गाइड नेमका त्यालाच घाबरला होता. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की आधी जोराची थरथर सुरू होते, बोलणं जड होतं, पाय अडखळतात. उब न मिळता ती थरथर थांबायला लागली, तर शरीर हरत चाललेलं असतं.

पुढचा पाऊण तास गाइडने जे केलं ते जसंच्या तसं लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. ओले कपडे सगळे काढले, बनियन कात्रीने कापलं. कोरड्या टॉवेलने अंग टिपलं, चोळलं नाही. माझे कोरडे थर्मल घातले, कानटोपी घातली, दोन स्लीपिंग बॅगांत एकात एक घातलं आणि खाली चटयांचे तीन थर टाकले. बाटल्यांत गरम पाणी भरून त्या मोज्यांत गुंडाळल्या, दोन काखेत आणि दोन जांघेत. त्याला सतत बोलतं ठेवलं : नाव सांग, कॉलेजचं नाव सांग, आईचं नाव सांग. नीट गिळता येतंय याची खात्री झाल्यावरच गुळाचं गरम पाणी घोटघोट दिलं. कोणीतरी त्याची बोटं चोळायला घेतली तर गाइडने त्याचं मनगट धरलं. गोठलेलं बोट चोळलं की आतल्या बर्फाच्या कणांनी मांस फाटतं. बोटांना कोरडी पट्टी सैल गुंडाळून तो हात त्याच्याच पोटावर ठेवला. त्या रात्री बोटं मुद्दाम गरम केली नाहीत. सकाळी खाली जाताना ती पुन्हा गोठली असती, तर नुकसान दुप्पट झालं असतं. एकाने निखाऱ्यांची अंगेठी आत आणायला सुचवलं. लीडर आणि गाइड दोघंही एकदम नाही म्हणाले. बंद तंबूत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.

सव्वादोनला भाचा पुन्हा थरथरायला लागला, दात वाजायला लागले. गाइड पहिल्यांदा हसला. “अब ठीक है दीदी, अब काँप रहा है.” मी त्याच्या डोक्याशी बसले आणि सकाळपर्यंत त्याचं कपाळ धरून होते. नाक्यावरच्या रजिस्टरमधला तो रकाना मला तेव्हा आठवला.

रात्रभर गाइडही तिथेच बसून होता. त्याने सहस्रतालच्या ट्रेकबद्दल सांगितलं. त्याच उत्तरकाशी जिल्ह्यात, जून २०२४ मध्ये, २२ जणांचा गट, बहुतेक कर्नाटकातले, परतीच्या वाटेवर बर्फाच्या वादळात सापडला आणि नऊ जण गेले. जूनमध्ये. मी ती बातमी तेव्हा पुण्यात चहा पिताना वाचली होती आणि हळहळून पान उलटलं होतं.

२८ ला सहाला उजाडलं तरी बर्फ चालूच होता. गटातल्या दोघांना वाटत होतं की एक दिवस थांबून २९ ला शिखर करता येईल. लीडरने त्या वेळी कोणाचं मत विचारलं नाही. “नीचे जाना है, सब,” म्हणाला आणि कोणी वाद घातला नाही. मी मनापासून सांगते, त्या एका वाक्यासाठी मी त्याची आभारी आहे.

आठला निघालो. गाइड पुढे, गुडघाभर बर्फात वाट पाडत. थकलेले मध्ये, लीडर शेवटी. प्रत्येकाने पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं, पाच मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, दर थांब्याला शेजाऱ्याचा चेहरा बघून नाक-गाल पांढरे पडलेत का ते सांगायचं. भाच्याच्या हाताला दोन कोरडे मोजे घालून तो जॅकेटच्या आत घेतला होता, त्यामुळे त्याला काठी एकाच हातात धरता येत होती. तीनदा पडला. साताऱ्याचा थोरला भाऊ सगळा उतार त्याच्या सॅकचा पट्टा धरून चालला. कालची वाट ओळखू येत नव्हती, झाडांवरच्या खुणाही बर्फाखाली. गाइड मधूनमधून एखाद्या झाडाला हात लावायचा आणि वळायचा. त्याला ती झाडं माणसांसारखी माहीत होती.

जुडा तालला चहा, आणि चारला सांकरी. तिथेही छपरांवर बर्फ साचत होता. होमस्टेच्या अम्मांनी घमेल्यात कोमट पाणी आणलं. लीडरने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, त्याने थर्मामीटरने ३८ अंश बघून बोटं त्यात ठेवली आणि पाणी निवलं की थोडं गरम मिसळत राहिला. वीस-पंचवीस मिनिटं. बोटं जशी लाल होऊ लागली तसा भाचा ओठ चावून रडत होता. दुखतंय म्हणजे जिवंत आहेत, असं लीडर सांगत होता. रात्रीपर्यंत पाण्याने भरलेले दोन फोड आले. ते फोडायचे नाहीत.

अम्मांच्या टीव्हीवर कळलं की २६ च्या रात्री डॉ. मनमोहन सिंग गेले. आम्ही दोन दिवस जगाच्या बाहेर होतो. दिल्लीतही २७-२८ ला डिसेंबरात सहसा पडत नाही असा पाऊस झाला होता, मनालीजवळच्या सोलंग नाला या ठिकाणी हजारो पर्यटक अडकून पडले होते. आठच्या सुमाराला रेंज आली आणि ताईला फोन लागला. ती म्हणाली, “इकडं पण अवकाळी पाऊस, हरभरा फुलावर आहे, काय होतंय बघू. तुम्ही कुठं आहात?” मी म्हटलं, “खाली आलो, ठीक आहोत.” बोटांचं मी तिला सांगितलं नाही.

२९ ला रस्त्यावरचा बर्फ गोठून काचेसारखा झाला होता. साडेअकराला चाकांना साखळ्या लावलेली एक जीप निघाली. नैटवारच्या नाक्यावर बाहेर पडल्याची नोंद करायला मी स्वतः उतरले. ती टाळू नका. तुम्ही परत आलात हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. तिथेच ताईचा नंबर लिहून घ्यायला लावला.

पुरोल्याच्या सरकारी दवाखान्यात रविवार असूनही डॉक्टर होते. केसपेपर काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन, मलमपट्टी, वेदनाशामक गोळ्या. डॉक्टरांना विनंती करून केसपेपरवर ‘बर्फात गोठल्यामुळे इजा’, ठिकाण, तारीख आणि शिक्का घेतला. त्यांनी न कंटाळता लिहून दिलं. रात्री पुरोल्यातच राहिलो, तिथला लाल तांदळाचा भात आणि राजमा भाचा डाव्या हाताने दोनदा वाढून घेऊन जेवला. ३० ला देहरादूनला सर्जनना दाखवलं : फी ८००, औषधं १,१५०. परतीची तिकिटं मूळ बेताप्रमाणेच ३१ ची होती, ती वाचली. नवं वर्ष गोवा एक्सप्रेसमध्ये लागलं. १ जानेवारीच्या संध्याकाळी पुण्यात.

पुढचं सगळं कागदांचं. पुण्यात प्लास्टिक सर्जनकडे चार फेऱ्या झाल्या, सगळा खर्च ६,४०० रुपये. रेल्वे तिकिटाबरोबर काही पैशांत जो विमा मिळतो तो फक्त रेल्वे अपघातासाठी असतो, ट्रेकशी त्याचा संबंध नाही. मी दोघांसाठी ६४० रुपयांची वेगळी प्रवास विमा पॉलिसी काढली होती. ९ जानेवारीला केसपेपर, बिलं, लीडरचं पत्र, तिकिटं, ओळखपत्रं असे सात कागद जोडून दावा पाठवला. २७ ला त्यांनी ट्रेकची सर्वाधिक उंची विचारली. १८ फेब्रुवारीला नामंजुरीचं पत्र आलं : १०,००० फुटांवरचं ट्रेकिंग पॉलिसीत वगळलेलं आहे. ते पॉलिसीत खरोखरच लिहिलं होतं, अकराव्या पानावर. विकत घेण्याआधी ‘काय मिळत नाही’ ते पान आधी उघडा आणि तुमच्या शिखराची उंची त्यात बसते का बघा. ट्रेकच्या उरलेल्या दोन दिवसांचे पैसे संस्थेने दिले नाहीत, वर्षभर चालणारं सवलतीचं कुपन दिलं. मी दोन ईमेल लिहून सोडून दिलं. स्थानिक गाइडसाठी मात्र गटाने वेगळे पैसे जमवून थेट त्याच्या खात्यावर पाठवले.

फोड जानेवारीच्या मध्याला सुकले, खालची कातडी गुलाबी, नवी. बोटांच्या टोकांना बधिरपणा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत होता. थंड स्टीलचा पेला धरला की अजूनही कळ येते, आणि एक-दोन हिवाळे तसं होऊ शकतं असं डॉक्टर म्हणाले.

संक्रांतीला, १४ जानेवारीला, भाच्याला घेऊन चोपड्याला गेले आणि ताईला सगळं सांगितलं. वर केलेल्या हाताचंही. ती बराच वेळ त्याची दोन बोटं स्वतःच्या मुठीत धरून बसली. माझ्याशी त्या दिवशी फार बोलली नाही, आणि मला तिचं बरोबर वाटलं. संध्याकाळी तिने गाइडचा नंबर मागितला आणि स्वतः फोन लावला. तिच्या खानदेशी हिंदीत त्याची आई कशी आहे, घरात किती माणसं आहेत, सगळं विचारलं. दुसऱ्या दिवशी तिळगुळाचे लाडू एका डब्यात भरले, डबा कापडात शिवला आणि पोस्टात घेऊन गेली. खिडकीवरच्या माणसाने पिनकोड विचारला तेव्हा तिने भाच्याला पुन्हा फोन लावायला लावला.

पार्सल पोहोचायला बारा दिवस लागले. गाइडचा निरोप आला : “मिल गया. माँ पूछ रही है, लड़के की उँगली कैसी है.” भाच्याने त्याला फोटो पाठवला, लाडू धरलेल्या उजव्या हाताचा.